बेरिल आधी हसते

रात्री साडेदहाचा कार्यक्रम आमच्याकडे संध्याकाळी पावणेसहाला व्हायचा. स्टुडिओत खोट्या खिडकीमागे खोट्या ऑकलंडचे दिवे लुकलुकत असायचे, होस्ट टाय सैल करून "शुभ रात्री, न्यूझीलंड!" म्हणायचा, आणि बाहेर पार्किंगमध्ये उन्हाने गाडीचं स्टिअरिंग इतकं तापलेलं असायचं की हात लावावा आणि काढावा. प्रेक्षक शॉर्ट्स आणि जँडल्स घालून, म्हणजे आपल्या रबरी सपाता पायात घालून, थेट समुद्रावरून आलेले. 'लेट नाइट टॉक शो'मध्ये रात्र सोडून बाकी सगळं असतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं.

माझं काम कॅप्शन्सचं. परक्या भाषेतल्या सिनेमाखाली येतो तो अनुवाद, ती सबटायटल्स. कॅप्शन्स त्याच भाषेत असतात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. बोललेलं सगळं लिहायचं, आणि न बोललेलंही: टाळ्या, हशा, दाराची टकटक. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग सातपर्यंत आमच्या हातात येई आणि साडेदहाच्या आत प्रत्येक वाक्य पडद्यावर केव्हा यावं आणि केव्हा जावं हे सेकंदाच्या तुकड्यांत बसवावं लागे. २०१२ पासून कार्यक्रम बंद पडेपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, मी हे केलं.

त्याआधी पुण्यात मी कोर्टात इंग्रजीची स्टेनो होते. साक्षीदार खोकला तरी बाई लिहून घेतात, असं वकील मला चिडवायचे, आणि मला त्याचा राग येत नसे. उलट बरंच वाटे. माझा नवरा मिलिंद इमारतींचा इंजिनिअर. त्याच्या नोकरीमागून आम्ही २०११ साली इथे आलो आणि ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात घर घेतलं. माझ्या लघुलेखनाचं या देशात काय लोणचं घालायचं, हा प्रश्नच होता. मग कॅप्शन्सची ही जाहिरात दिसली. मुलाखतीत लीअ‍ॅनने, म्हणजे जी पुढे माझी बॉस झाली तिने, पाच मिनिटांची टेप लावली. मी शब्दन्‌शब्द उतरवला, अगदी होस्टचं "अं... म्हणजे... यू नो" सुद्धा. लीअ‍ॅन बघतच राहिली. "कमाल आहे," ती म्हणाली, "पण हे कोर्ट नाही हं." पहिला अर्धा भाग मी मनात जपून ठेवला आणि दुसरा तिथेच सोडून दिला.

हा टॉक शोचा प्रकार मूळचा अमेरिकेचा. एक टेबल, बाजूला सोफा, कोपऱ्यात वाजंत्री. टेबलामागचा माणूस आधी उभं राहून दिवसभराच्या बातम्यांची टर उडवतो, मग पाहुण्यांशी गप्पा मारतो. झोपायच्या आधी ओळखीचा कुणीतरी घरी डोकावून गेल्यासारखं वाटावं, एवढीच मूळ कल्पना. पण तिकडे या डोकावणाऱ्यांचं वजन असं वाढलं की कुठल्या पुढाऱ्यावर काल काय विनोद झाला, यावरून आज त्याची पत ठरू लागली. न्यूझीलंडने या प्रकाराची नक्कल अनेकदा केली आणि दर वेळी अडचण तीच आली. देश लहान. सहा महिन्यांत पाहुणे संपतात. ज्या मंत्र्याची काल खिल्ली उडवली तो आज सुपरमार्केटात फ्लॉवर निवडताना भेटतो आणि "किया ओरा", म्हणजे माओरी भाषेतला नमस्कार, म्हणतो. त्यामुळे इथला विनोद जरा मवाळ. मंत्रीही हुशार, ते स्वतःच सोफ्यावर येऊन बसायला लागले आणि स्वतःवर हसायला लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक म्हणायचे, "माणूस तसा बरा आहे, नाही?" दहा सभांनी जे झालं नसतं ते सोफ्यावरच्या सहा मिनिटांत व्हायचं, हे मी चार वर्षं डोळ्यांनी पाहिलं.

एकदा मेंढ्यांची लोकर कातरण्यात नाव कमावलेला एक गडी पाहुणा म्हणून आला. होस्टने विचारलं, "इतक्या झटपट कातरण्याचं रहस्य काय?" तो विचार करायला लागला. करतच राहिला. टीव्हीवर सात सेकंदांची शांतता म्हणजे फार मोठी. शेवटी म्हणाला, "मेंढी नीट धरायची." सगळा स्टुडिओ हशाने कोसळला. पण माझी पंचाईत अशी, की सात सेकंद पडदा कोरा राहिला तर बहिऱ्या माणसाला वाटतं कॅप्शन्स बंद पडली. मग मी कंसात लिहिलं: 'विचार करतो आहे'. तीन सेकंदांनी पुन्हा: 'अजून करतो आहे'. लीअ‍ॅनने ते छापून भिंतीवर लावलं होतं.

शिव्यांचा मामला वेगळा. होस्टच्या तोंडून शिवी गेली की आवाजावर बीप आणि कॅप्शनमध्ये चांदण्या. रोटोटुनाच्या मिस पॅटन नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, जन्मापासून बहिऱ्या आणि ओठ वाचण्यात पटाईत. त्यांचा मेल यायचा: "तुमचा बीप ऐकू येणाऱ्यांसाठी असेल. आम्हाला सगळं समजलं. इतकं झाकण्यासारखं त्यात काही नव्हतं." मिस पॅटन नेमाने लिहायच्या आणि प्रत्येक मेलमध्ये मला एखादा गुण तरी कमी द्यायच्या.

आणि मग कॉलिन. त्याचा पहिला मेल २०१३ मधला. तो क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात राहणारा, आयुष्यभर ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करणारा माणूस. हातोड्याच्या आवाजाने कान गेले. "वाईट वाटून घेऊ नका, पगार चांगला होता," असं त्यानेच लिहिलं होतं. तक्रार मात्र स्पष्ट होती. तो आणि त्याची बायको बेरिल आमचा कार्यक्रम मिळून बघतात. साडेदहापर्यंत दोघांचाही डोळा उघडा राहत नाही, म्हणून रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, चहाबरोबर. "बेरिल आधी हसते," त्याने लिहिलं होतं, "मग मी हसतो. तोवर तुमचा होस्ट पुढच्या विनोदावर गेलेला असतो. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, आम्ही नेहमी एकदम हसत आलो. तुमची कॅप्शन्स उशिरा येतात. काहीतरी करा."

मी त्या आठवड्याचे भाग काढून तपासले. माझं एकही वाक्य उशिरा नव्हतं. होस्टचे ओठ हलले की अक्षरं हजर. मी तसं नम्रपणे कळवलं. चार दिवसांनी उत्तर: "असेल. पण ती अजून आधीच हसते."

आता मला चेव चढला. बायको कानांनी ऐकते, हा डोळ्यांनी वाचतो, म्हणजे अक्षरं आवाजाच्या थोडी आधी यायला हवीत, असा मी हिशोब मांडला. अर्धा सेकंद पुढे घेतली. कॉलिन म्हणाला, फरक नाही. अजून थोडी पुढे घेतली. तर रोटोटुनाहून मिस पॅटनचा मेल: "हल्ली होस्टने तोंड उघडायच्या आत मला विनोद कळतो. पेपर फुटल्यासारखं वाटतं." त्यांचंही बरोबर होतं. माझ्या धंद्यात विनोद फोडणं हे मोठं पाप. मी मुकाट्याने अक्षरं जागेवर नेली. मग कॉलिनच्या टीव्हीत दोष असेल म्हणून मी त्याला सेटिंग बदलायची कृती लिहून पाठवली. त्याने ती केली आणि दोन दिवस त्यांच्या पडद्यावरची माणसं हिरवी दिसत होती.

असं दीड-दोन वर्षं चाललं. खरं सांगायचं तर तो माझा मित्रच झाला होता. त्याच्या मेलमध्ये टोमॅटोची रोपं असायची, बेरिलचे गुडघे असायचे आणि शेवटी ती ओळ असायची, की काल ती तीनदा आधी हसली, सहादा आधी हसली. गंमत करत होता, पण गमतीच्या खाली काहीतरी खुपत होतं. एकदा त्याने लिहिलं, "तिच्याबरोबर एकदम हसता येत नाही तेव्हा मला खरं बहिरं वाटतं. एरवी नाही वाटत."

मिलिंद तेव्हा २०११ च्या मोठ्या भूकंपानंतरच्या बांधकामांसाठी महिन्यातून दोनदा क्राइस्टचर्चला जायचा. एका शुक्रवारी म्हणाला, "अगं, तूही चल ना. तुझ्या त्या हॉर्नबीवाल्या कंप्लेंट किंगला एकदा भेटून तरी ये. इथे बसून किती डोकं खाणार स्वतःचं? आणि माझंही."

"ऑफिसला काय सांगू?"

"साइट व्हिजिट सांग. आम्ही भिंतीला तडा गेला तर भिंतीपाशी जातो. मेलवर नाही बघत."

कॉलिनला कळवलं तर त्याचं एका ओळीत, 'झकास' म्हणायच्या इथल्या बोलीत उत्तर आलं: "स्वीट अ‍ॅज. तीनला या. बेरिल स्कोन करेल."

हॉर्नबीत गोदामांच्या मागे एक गल्ली, तिथे त्यांचं बैठं घर. कॉलिन धिप्पाड, हात अजून पत्रे वाकवण्यासारखे. बेरिल चणीने लहान आणि भारी चटपटीत. हातावर स्कोनची, म्हणजे बसक्या गोडसर पावांची, बशी ठेवून म्हणाली, "तूच होय ती! मला वाटलं होतं कॅप्शन्सवाली कुणी उंच बाई असेल." कॉलिन तिचे ओठ बघून हसला. मग दोघं आपापल्या खुर्चीत बसली, मी बाजूच्या कोचावर, आणि कॉलिनने आदल्या दिवशीचा भाग लावला.

माझंच काम ते. होस्ट आला, हात हलवले, माझी अक्षरं आली. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते कळायला अर्धा मिनिट गेलं. खोलीत आवाज नव्हता. बेरिलच्या चमच्याचा आवाज येत होता, बाहेर कुणाच्या तरी गवत कापायच्या मशीनचा येत होता, पण टीव्हीतून हूं की चूं नव्हतं. आवाज पार शून्यावर होता.

बेरिल हसली. मी कॉलिनकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तो वाचत होता, शाळेतली मुलं वाचतात तसा, एक एक शब्द ओठांवर घेत. दोन भरगच्च ओळी होत्या. तो दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला असेल तोच ती अक्षरं गेली आणि नवीन दोन ओळी आल्या. त्याने झटकन बेरिलकडे बघितलं, तिचं हसणं पाहिलं आणि स्वतः मोठ्यांदा हसला.

त्याला विनोद कळलाच नव्हता. पुढच्या अर्ध्या तासात अकरा वेळा तो हसला आणि अकराही वेळा आधी तिच्याकडे बघून. माझा स्कोन हातातच राहिला.

बेरिल कपबशा उचलायला लागली तशी मीही तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. "टीव्हीचा आवाज..." मी म्हणाले.

"बंद असतो," ती म्हणाली. "तुमची कॅप्शन्स लावली त्या दिवसापासून. मला कान आणि डोळे दोन्ही, त्याला एकच, हे काही बरोबर नाही. आणि आवाज लावला ना, तर तो इथे आणि मी कुठेतरी दुसरीकडे बसलेय असं वाटतं."

"त्याला माहीत आहे?"

"छे! त्याला कसं कळणार? आणि तू सांगू नकोस." तिने नळ बंद केला. तो बहिरा आहे हे माहीत असूनही तिचा आवाज खाली गेला. "त्याने चौदाव्या वर्षी शाळा सोडली. अक्षरांशी त्याचं कधी जमलंच नाही. दुकानातले कागद मीच वाचायची. आता त्याला वाटतं, मला ऐकू येतं म्हणून मी आधी हसते. वाटू दे. कान गेले हे तो कुणालाही सांगतो. वाचायला वेळ लागतो हे त्याने मलासुद्धा कधी सांगितलेलं नाही."

"मग मला तरी लिहायचंस."

"कुठून? मेल त्याचा. टाइप मीच करते, पण तो सांगेल तेवढंच." मग तिने विचारलं, "तुम्हाला सगळंच्या सगळं लिहायचा कायदा आहे का गं? मला वाटलं कायदाच असेल."

कायदा कसला! तो माझा तोरा होता. लीअ‍ॅन पहिल्या दिवसापासून सांगत होती, गर्दी कमी कर, बिनकामाचे शब्द गाळ, माणसाला वाचायला वेळ दे. मी मान डोलवायची आणि पुन्हा होस्टचा खोकला लिहायची. शब्द गाळणं म्हणजे लबाडी, हे माझ्या हाडात मुरलेलं. दोन वर्षं मी घड्याळ पुढे-मागे करत बसले आणि दोष घड्याळात नव्हताच, माझ्या अभिमानात होता. परतताना विमानात मिलिंदने विचारलं, "सापडला का तडा?" मी म्हटलं, "सापडला. माझ्यात आहे."

सोमवारपासून मी कात्री हातात घेतली. होस्ट म्हणे, "तर आज आपले वाहतूकमंत्री, म्हणजे ज्यांच्याबद्दल मला, तुम्हाला माहीतच आहे, अतिशय आदर आहे, ते म्हणाले की यापुढे, बघा हं, यापुढे सगळ्या बसेस वेळेवर धावतील, आणि हे त्यांनी चाळीस मिनिटं उशिरा पोचून पत्रकार परिषदेत सांगितलं." पूर्वी हे मी चार भरगच्च ओळींत कोंबलं असतं. आता आधी: 'मंत्री म्हणाले, बसेस वेळेवर धावतील.' मग एक श्वास. मग एकटीच ओळ: 'हे सांगायला ते चाळीस मिनिटं उशिरा आले.' आणि ती ओळ हशा ओसरेपर्यंत पडद्यावर धरून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं. मला एका विनोदाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा, कारण शब्द लिहायला मेहनत लागत नाही, कुठला गाळायचा ते ठरवायला लागते. पहिले काही दिवस तर गाळलेला प्रत्येक शब्द मी एकदा परत घालून बघायची.

मिस पॅटनना अर्थातच दुसऱ्याच दिवशी कळलं. "होस्ट एवढं बोलला आणि तुम्ही एवढंच लिहिलंत," त्यांनी लिहिलं. "त्याच्या ओठांवर मला पंचवीस शब्द दिसले. मी लहान मूल नाही. माझ्यासाठी काय वाचायचं ते तुम्ही ठरवू नका." त्यांना काय उत्तर द्यायचं? कॉलिनचं गुपित माझं नव्हतं. आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं, बहिऱ्या लोकांनी पूर्ण शब्दांसाठी वर्षानुवर्षं भांडण केलेलं आहे. मी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला: सुरुवातीचं पाल्हाळ गाळायचं, विनोदाचा शब्द मात्र जसाच्या तसा. त्यांचं समाधान झालं नाही. त्या शेवटपर्यंत लिहीत राहिल्या आणि मी त्यांच्यावर अन्याय केला, असं मला आजही वाटतं.

कॉलिनचं मात्र काहीच आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. टोमॅटोचा हंगाम सरला. मला नाही नाही ते सुचायला लागलं. म्हातारा माणूस, कोण जाणे. दोनदा मेल लिहायला घेतला आणि खोडला, कारण काय विचारणार? आता तुम्हाला वाचता येतं का, असं?

तोवर कार्यक्रमाचेही दिवस भरत आले होते. लोक साडेदहाला टीव्हीसमोर बसेनासे झाले. विनोदाचे तुकडे फोनवर फिरायला लागले, बसमध्ये, लिफ्टमध्ये, आवाज बंद करून. आणि आवाज बंद म्हणून खाली अक्षरं. चांगले धडधाकट कान असलेली माणसं आमचं काम वाचून हसायला लागली. लीअ‍ॅन म्हणाली, "बघ, आता सगळा देश बहिरा झाला. आणि नोकरी आपली चालली." शेवटच्या आठवड्यात स्टुडिओतली खोटी खिडकी उतरवायला माणसं येऊन माप घेऊन गेली.

त्याच आठवड्यात हॉर्नबीहून मेल आला. टोमॅटो बरे झाले होते. बेरिलच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, तिला टेबलाशी बसवत नाही, म्हणून लिहायला उशीर, टाइप करायला हल्ली शेजारीण येते. कार्यक्रम बंद होतोय हे वाचून वाईट वाटलं. आणि मग त्याने लिहिलं होतं:

"एक नवीन तक्रार आहे. हल्ली बेरिल मागे पडते. मी आधी हसतो, ती माझ्यामागून. काल पाच वेळा असं झालं. मी नीट लक्ष ठेवलं तेव्हा कारण सापडलं. ती टीव्हीकडे बघतच नाही, माझ्याकडे बघत बसते. यावर तुमच्याकडे काही उपाय आहे का?"

मी उत्तर लिहिलं, की आमच्या खात्यात यावर उपाय नाही, क्षमस्व. मग लीअ‍ॅनला 'आलेच' म्हणून पार्किंगमध्ये गेले आणि गाडीत बसून पोटभर रडून घेतलं.